कॅलिफोर्नियात सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर घ्यायचंय, फिनिक्सचा मेहुणा आणून देतो म्हणतोय, चालेल का?

मिरजकर_सॅनहोजे

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे पण इथे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या स्टेटमधले बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतो. मी सॅन होजेला असतो, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं. ऑफिसातला एकजण काउबॉय ॲक्शन शूटिंगच्या मॅचेस खेळतो, त्याच्यामुळे मलाही नाद लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १८७३ च्या कोल्टच्या धाटणीची सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरं असतात, प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने हॅमर मागे खेचायचा, नुसता ट्रिगर दाबून काही होत नाही. मॅचला अशी दोन रिव्हॉल्वरं, एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक शॉटगन लागते. सध्या मित्राचंच सामान वापरतोय पण किती दिवस दुसऱ्याच्या जिवावर खेळणार, म्हणून निदान एक रिव्हॉल्वर तरी स्वतःचं घ्यावं असं ठरवलंय.

आता गोंधळ असा आहे की इथे कॅलिफोर्नियात म्हणे एक यादी आहे, रोस्टर म्हणतात, त्यात नाव नसेल तर दुकानदार विकत नाही. माझा मेहुणा फिनिक्सला असतो, सिटिझन आहे. तिथल्या दुकानात त्याने एक जुनं रुगर ब्लॅकहॉक .३५७ बघितलं, साडेसहा इंची बॅरल, फोटो पाठवला, फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात, कंडिशन झकास आहे आणि भाव पण बरा आहे. तो म्हणतो तू मला झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) पैसे पाठव, मी माझ्या नावावर घेतो, दिवाळीला गाडीने येणारच आहे तेव्हा घेऊन येतो. ॲरिझोनात अर्ध्या तासात काम होतं म्हणे. वर आमच्याकडचा ११ टक्के टॅक्स पण नाही. हे चालेल का? ऑनलाइन बघायला गेलो तर निम्म्या साइटवर "कॅलिफोर्नियाला पाठवत नाही" असंच लिहिलेलं येतं.

अजून दोन गोष्टी. वर्षभरात कंपनी न्यू जर्सीला हलवायची शक्यता आहे, मग घेतलेल्या रिव्हॉल्वरचं काय करायचं? आणि उन्हाळ्यात आईबाबा येणार आहेत, बाबा कॉलेजात एनसीसीत होते, त्यांना रेंजवर न्यायची फार इच्छा आहे. घरात सात वर्षांचा मुलगा आहे, बायकोची अट एकच, कुलपाबाहेर काही दिसता कामा नये. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

फ्रिमाँटचा_दादा

आधी मेहुण्याचा विषय संपवू कारण बाकीचं सगळं सरळ आहे आणि हेच एक वाकडं आहे. नाही चालणार. अजिबात नाही. मेहुण्याला आजच फोन कर आणि पैसे पाठवू नकोस.

कारण नीट समजून घे. अमेरिकेत कुठल्याही लायसन्सवाल्या दुकानातून बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात सरळ प्रश्न आहे की ही बंदूक तू खरोखर स्वतःसाठी घेतोयस का. तुझ्या पैशाने तुझ्यासाठी घेताना मेहुण्याने तिथे "हो" लिहिलं की ते फेडरल फॉर्मवरचं खोटं विधान झालं. याला स्ट्रॉ परचेस म्हणतात. लोक म्हणतात की ज्याच्यासाठी घेतोय त्याला कायद्याने बंदूक ठेवता येत असेल तर काय बिघडलं, पण नेमकी हीच केस सुप्रीम कोर्टात २०१४ मध्ये निकालात निघालीय. अब्राम्स्की नावाचा व्हर्जिनियाचा माणूस, आधी पोलिसात होता त्यामुळे त्याला ग्लॉक पिस्तूल डिस्काउंटमध्ये मिळत होतं, त्याने पेन्सिलव्हेनियातल्या आपल्या काकांसाठी घेतलं. काकांनी आधीच ४०० डॉलरचा चेक पाठवला होता आणि चेकच्या कोपऱ्यात कशासाठी पैसे ते पण लिहिलं होतं, ग्लॉक १९ हँडगन म्हणून. काकांना बंदूक ठेवायला काहीच मनाई नव्हती, पिस्तूल त्यांच्या हातात दिलं ते पण पेन्सिलव्हेनियातल्या लायसन्सवाल्या दुकानातून रीतसर बॅकग्राउंड चेक करून. तरी गुन्हा कायम राहिला, ५ विरुद्ध ४ मतांनी. तुझा झेलचा व्यवहार म्हणजे तोच चेक. आणि तुझ्या मेहुण्याच्या प्लॅनमध्ये तर शेवटची दुकानाची पायरी पण नाहीये, सरळ गाडीतून आणून हातात ठेवणार, म्हणजे वेगळा गुन्हा, कारण एका स्टेटच्या माणसाने दुसऱ्या स्टेटच्या माणसाला परस्पर हँडगन देणं हेच १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये बंद आहे. २०२२ च्या नवीन कायद्यानंतर स्ट्रॉ परचेसला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो सिटिझन आहे, तू ग्रीन कार्डवर आहेस, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर डिपोर्टेशनची पाळी येते. दोनतीनशे डॉलर वाचवायला हे कोण करेल.

आता चांगली बातमी. ते फिनिक्सचं ब्लॅकहॉक तुला कायदेशीरपणे मिळू शकतं.

हँडगन कुठल्याही स्टेटच्या दुकानातून *घेता* येतं, पण *हातात* मात्र तुझ्या राहत्या स्टेटच्या डीलरकडूनच मिळतं. म्हणजे मेहुणा दुकानात जाऊन बघून येऊ दे, फोटो काढू दे, हॅमर खेचल्यावर सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसतं का ते सांगू दे, त्यात काही गैर नाही. पैसे तू स्वतः तुझ्या कार्डाने त्या दुकानाला दे आणि ते दुकान तुझ्या सॅन होजेच्या डीलरला पाठवेल. पाठवण्याआधी त्यांना कॅलिफोर्नियाच्या सिस्टिममधून एक मंजुरी नंबर काढावा लागतो, सीएफएलसी म्हणतात. बाहेरचे दुकानदार "कॅलिफोर्नियाला पाठवत नाही" लिहितात त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त ही कटकट नको असते, फोन केला तर तयार होतात. तुझा इथला डीलर आधी ठरव, तो ट्रान्सफरची फी किती घेतो ते विचार, दुकानादुकानात भयंकर फरक आहे.

रोस्टरचं म्हणशील तर इथेच सिंगल ॲक्शनवाल्यांचं नशीब जोरावर आहे. रोस्टर २००१ पासून आहे आणि नवीन सेमी ऑटो पिस्तुलांची त्याने पार वाट लावलीय, पण कायद्यातच सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरला सूट आहे. कमीत कमी पाच गोळ्यांची जागा पाहिजे, बॅरल ३ इंचापेक्षा कमी नको, आणि एकूण लांबी साडेसात इंच तरी पाहिजे. एवढं बसलं की रोस्टरवर नाव असो नसो, डीलर देऊ शकतो. तुझं साडेसहा इंची ब्लॅकहॉक यात आरामात बसतं. रुगरचीच व्हाकेरो, सिंगल सिक्स, रँगलर, इटलीची उबर्टी पिएट्टाची कोल्टछाप मॉडेल्स, सगळी बसतात. नॉर्थ अमेरिकन आर्म्सचं ते तळहातात मावणारं पाच गोळ्यांचं मिनी रिव्हॉल्वर असतं ना, ते पण सिंगल ॲक्शनच आहे पण बॅरल जेमतेम एक-दीड इंचाची, त्यामुळे त्याला ही सूट नाही. आणि डबल ॲक्शन रिव्हॉल्वर, म्हणजे नुसता ट्रिगर दाबून चालणारं, कितीही मोठं असलं तरी ही सूट त्याला लागू नाही, त्याला रोस्टर बघावंच लागतं. हे मुद्दाम लिहितोय कारण एका दुकानातला काउंटरवरचा पोरगा मला छातीठोकपणे सांगत होता की रोस्टरवर नाही म्हणजे विकता येत नाही, विषय संपला. मालकाला बोलावलं तेव्हा त्याने पीनल कोडचं ३२१०० कलम काढून त्याला दाखवलं. तू पण हा नंबर लक्षात ठेव.

बाकी पायऱ्या अशा आहेत की आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट काढायचं, दुकानातच परीक्षा होते, ३० प्रश्न, २३ बरोबर पाहिजेत, २५ डॉलर, पाच वर्षं चालतं. स्टेटची पुस्तिका ऑनलाइन फुकट आहे, एका संध्याकाळी वाचून होते. हँडगनला वय २१ पाहिजे. मग डीलरकडे अर्ज, स्टेटची फी ३७.१९ डॉलर, आणि मग १० दिवस थांबायचं, सगळ्यांना, आधी घरात दहा बंदुका असल्या तरी. दहा दिवस म्हणजे पूर्ण २४० तास मोजतात. घ्यायला जाशील तेव्हा डमी राउंड (खोटी गोळी) घालून सुरक्षितपणे हाताळून दाखवावं लागतं. आणि अर्ज केल्यापासून ३० दिवसांत उचललं नाहीस तर पुन्हा पहिल्यापासून.

कागदांत आपले लोक कुठे अडकतात तर पत्ता आणि नाव. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर अडकशील, सरकारी कागदावर सध्याचा पत्ता पाहिजे, गाडीचं रजिस्ट्रेशन जोडून चालतं. हँडगनला वर राहण्याचा वेगळा पुरावा लागतो, वीजबिल किंवा घराचा करार. आणि नाव. ग्रीन कार्डावर मधे वडिलांचं नाव, लायसन्सवर ते गायब, कुठे आडनाव आधी, असं असेल तर बॅकग्राउंड चेक रेंगाळतो. सगळीकडे एकच स्पेलिंग एकच क्रम ठेव. ग्रीन कार्डवाल्यांना फॉर्मवर यूएससीआयएसचा (इमिग्रेशन खात्याचा) नंबर पण टाकावा लागतो, कार्ड बरोबर ने.

ऑस्टिनवाला

आमच्याकडे टेक्सासमध्ये परमिट नाही, थांबणं नाही, ४४७३ भरा, चेक झाला की घेऊन जा. पण दादा म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, फेडरल भाग सगळीकडे सारखाच आहे. आमच्याकडे बाहेरच्या स्टेटचे पाहुणे येतात आणि त्यांना वाटतं इथे दुकानात सरळ हँडगन मिळेल. नाही मिळत, त्यांच्या गावच्या डीलरलाच पाठवावं लागतं.

मिरजकर_सॅनहोजे

दादा, खूप खूप आभार, एवढं कुणी लिहून देत नाही. मेहुण्याला कळवलं, तो जरा नाराज झाला पण अब्राम्स्कीचं वाचल्यावर गप्प झाला. तो आता विचारतोय की मी माझ्याच पैशाने घेऊन तुला गिफ्ट दिलं तर? खरंच गिफ्ट, पैसे परत नाही घेणार.

फ्रिमाँटचा_दादा

खरं गिफ्ट असेल तर खरेदी करण्यात खोटं काही नाही, गिफ्टसाठी घेणारा स्वतःच खरा खरेदीदार धरतात. पण मागून हळूच पैसे दिलेस की ते गिफ्ट राहत नाही. आणि गिफ्ट असलं तरी स्टेटची हद्द ओलांडून हातोहात देता येत नाहीच, तुझ्या इथल्या डीलरकडे पाठवायचं, तुझा चेक, तुझे दहा दिवस, सगळं तसंच. म्हणजे मेहनत तेवढीच आणि मेहुण्याच्या डोक्याला ताप जास्तीचा.

कॅलिफोर्नियात कुटुंबातल्या कुटुंबात देण्याची एक सवलत आहे तिच्यावर पण विसंबू नकोस. ती फक्त आईवडील आणि मुलं, आजीआजोबा आणि नातवंडं, आणि नवराबायको यांच्यापुरती आहे. सख्खा भाऊसुद्धा त्यात नाही, मेहुणा तर लांबच. मेहुणा तुझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहत असता तरी डीलरकडेच जावं लागलं असतं.

दुसरं एक, तू फोटोतले तीन स्क्रू लिहिलेस ते वाचून पुन्हा आलो. ते फार महत्त्वाचं आहे. रुगरने १९७३ मध्ये आतली रचना बदलली, ट्रान्सफर बार घातला, म्हणजे ट्रिगर दाबलेला असेल तरच हॅमरचा मार गोळीपर्यंत पोचवणारी आतली पट्टी. त्यानंतरच्या "न्यू मॉडेल"ला फ्रेमवर तीन स्क्रूंऐवजी दोन पिना असतात. तीन स्क्रू म्हणजे त्याआधीचं. ट्रान्सफर बार नसताना हॅमर खाली आणि त्याच्या समोरच्या खणात गोळी असेल तर रिव्हॉल्वर हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते. जुन्या लोकांची पद्धत आहे त्यावर, एक गोळी घाल, एक खण सोड, मग चार घाल, हॅमर पूर्ण मागे खेच आणि हळू खाली सोड, म्हणजे रिकामा खण हॅमरखाली येतो. तुमच्या मॅचेसमध्ये सहा खणांत पाचच भरतात ते याचमुळे. रुगर कंपनी अजूनही असं जुनं रिव्हॉल्वर फॅक्टरीत पाठवलं तर फुकट बदलून देते आणि काढलेले मूळ पार्ट परत देते. दुकानदाराला विचार की हे बदललेलं आहे का आणि मूळ पार्ट बरोबर आहेत का, कलेक्टर लोक त्या पार्टसाठी भाव वाढवून देतात. घरात लहान मूल आहे तर मी तुझ्या जागी असतो तर बदललेलंच घेतलं असतं, नाहीतर सरळ व्हाकेरो, ते १९९३ मध्ये आलं त्यामुळे सगळीच ट्रान्सफर बारवाली.

सई_एडिसन

न्यू जर्सीचं मी सांगते, मी आणि नवरा दोघंही इथल्या क्लबात टार्गेट शूटिंग करतो.

इथे रोस्टर नाही, म्हणजे सिंगल ॲक्शन कुठलंही घ्या, त्याबद्दल कुणी अडवत नाही. पण माणसाला अडवायला कागद भरपूर. आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, आणि त्यावर प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट, एका परमिटवर एकच. परमिट ९० दिवस चालतं, अजून ९० दिवस वाढवून मिळतं. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याची माहिती तपासायला संमती, दोन ओळखीच्या माणसांची नावं ज्यांना पोलिस विचारणार, आणि २०२२ च्या कायद्यापासून सेफ्टीचा कोर्स. त्याच वर्षाच्या शेवटी फी पण वाढली, कार्ड ५ डॉलरचं ५० झालं आणि परमिट २ डॉलरचं २५. अर्ज ऑनलाइन पण तपासणी तुमच्या गावचे पोलिसच करतात, त्यामुळे एका गावात महिन्यात होतं आणि शेजारच्या गावात पोलिस स्टेशनला फोन करून करून जीव मेटाकुटीला येतो. रेफरन्सला आपल्या लोकांची नावं देताना त्यांना आधी सांगून ठेवा हो, आमच्या एका मैत्रिणीला पोलिसांची ईमेल आली आणि तिने स्पॅम समजून डिलीट केली, आमचा अर्ज तिथेच बसला.

तुमचं कॅलिफोर्नियातून घेतलेलं रिव्हॉल्वर घेऊन इथे राहायला येता येतं, पण रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत इथलं कार्ड काढून हँडगनची नोंदणी करावी लागते. घर बदलायच्या गडबडीत शाळा, लायसन्स, गाडी, सगळं लक्षात राहतं आणि हे राहतं. पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

गाडीत नेताना रिकामं, बंद केसमध्ये किंवा डिकीत, आणि रेंजला जाताना मधे चितळेंची बाकरवडी घ्यायला अर्धा तास इंडियन स्टोअरला थांबायचं नाही. गरजेपुरतं थांबणं चालतं असं कायद्यात आहे पण बाकरवडी गरजेची होती हे पोलिसाला पटवत बसायची वेळ कशाला आणायची. आणि हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कला तर चुकूनसुद्धा नको. तिथे हँडगन नुसतं जवळ ठेवायला पण त्यांचं लायसन्स लागतं, आपलं जर्सीचं परमिट पुलावरच संपतं.

विमानाने आणणार असाल तर हे वाचाच. युटाहचा एक प्रवासी पेन्सिलव्हेनियाला चालला होता, पिस्तूल कुलूप लावून चेक-इन बॅगेत, सगळं नियमाने. नूअर्कला कनेक्शन चुकलं, बॅग हातात घेऊन रात्री हॉटेलात राहिला आणि दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर स्वतःहून सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे, तर तिथेच अटक. पुढे केस मागे घेतली गेली, त्याने उलट दावा लावला, पण २०१० मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. स्टेटमधून जाताना संरक्षण देणारा १९८६ चा फेडरल कायदा आहे, पण बंदूक हाताशी नसेल तरच, आणि हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती. मी तर म्हणेन विमानाची भानगडच नको, तुमच्या कॅलिफोर्नियाच्या डीलरकडून इथल्या डीलरला पाठवा आणि इथलं परमिट काढून घ्या.

अजून एक सांगते कारण सिंगल ॲक्शनवाले हमखास इथे चुकतात. ब्लॅक पावडरची कॅप अँड बॉल रिव्हॉल्वरं, म्हणजे दारू आणि गोळी वेगवेगळी भरायची ती, कोल्टच्या १८५१ नेव्हीच्या कॉप्या वगैरे, फेडरल कायद्यात अँटिक धरतात आणि बऱ्याच स्टेटमध्ये सरळ घरी पार्सल येतं. न्यू जर्सीत तसं नाही. त्याला पण हँडगनचंच परमिट. छर्‍याच्या एअर पिस्तुलालासुद्धा परमिट लागतं इथे. कुणी म्हणालं की हे तर खेळणं आहे तर ऐकू नका.

नेपरव्हिलकर

इलिनॉयची एक गोष्ट सांगून ठेवतो, या विषयावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगायचं स्टेटचं ओळखपत्र) लागतं आणि ७२ तास थांबावं लागतं हे बहुतेकांना माहीत आहे. पण झिंकसारख्या हलक्या धातूच्या ओतीव फ्रेमचं हँडगन, जो धातू ८०० डिग्री फॅरनहाइटच्या खालीच वितळतो, ते डीलरला विकायला बंदी आहे. याचा फटका नेमका सगळ्यात स्वस्त सिंगल ॲक्शनला बसतो, हेरिटेज रफ रायडर. कॅलिफोर्नियात ते मिळतं आणि इलिनॉयमध्ये नाही, कोण मानेल. ऑनलाइन पैसे भरायच्या आधी आपल्या स्टेटच्या डीलरला मॉडेल नंबर सांगून विचारा.

नवीन_आयटीवाला

हा धागा वाचून विचारावंसं वाटलं, मी एच-१बी वर आहे, डॅलसला. दुकानात एकजण म्हणाला की हंटिंग लायसन्स काढ आणि घेऊन टाक. खरं आहे का?

फ्रिमाँटचा_दादा

अर्धं खरं. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या *जवळ बाळगायलाच* फेडरल कायद्याने बंदी आहे, घेणं तर पुढचंच. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यात वैध हंटिंग लायसन्स हा एक आहे. पण अपवाद तेवढ्यावरच टिकून असतो, लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक घरात तशीच राहिली की तू त्या दिवसापासून गुन्ह्यात, १५ वर्षांपर्यंत शिक्षा आणि व्हिसा ग्रीन कार्ड सगळ्यावर पाणी. नोकरी गेली, स्टेटस गेलं, तर अजून वेगळंच, त्यात हंटिंग लायसन्सचा उपयोग नाही. कायद्याने करता येतं, पण तुझ्या वयाचा माझा भाचा असता तर त्याला मी सांगितलं असतं की ग्रीन कार्ड येईपर्यंत थांब. करायचंच असेल तर तासाभराचे पैसे देऊन इमिग्रेशन वकिलाला विचार, दुकानदाराला नको.

यावरून मिरजकरच्या बाबांचं. बी-२ म्हणजे टूरिस्ट व्हिसावर आलेले आईवडील पण याच बंदीत येतात. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरतात. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचं स्टेटस कॉलेजातून काढल्यामुळे गेलं होतं, तो रेंजवर जाऊन शूट करून आला, एवढ्यावरून फेडरल केस झाली आणि ती पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, रेहाइफ, २०१९. आपलं स्टेटस गेलंय हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला पाहिजे असं कोर्टाने म्हटलं, पण तोवर त्या पोराची किती वर्षं गेली. बऱ्याच रेंजवर कुणी विचारत पण नाही, फक्त ओळखपत्र बघतात, म्हणून लोकांना वाटतं चालतं. बाबांना मॅच बघायला ने, ते वेगवेगळे पोशाख, ती लाकडी दुकानांची सजावट, त्यांना मजा येईल. हातात काही द्यायचंच असेल तर एअर रायफल दे, फेडरल कायद्यात ती फायरआर्म नाही. एनसीसीवाले आहेत तर दहा मीटरवर तुला हरवतील.

आणि आईबाबा परत जाताना त्यांच्या सामानात तुझी रेंजची बॅग जाता कामा नये. गंभीरपणे सांगतोय. बाजूच्या कप्प्यात एक गोळी राहिली आणि ती मुंबईच्या एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसली की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, नुसती एक जिवंत गोळी असली तरी. रेंजची बॅग वेगळी ठेव, तिचा दुसऱ्या कशालाही वापर नको.

सई_एडिसन

घरात सात वर्षांचा मुलगा आहे म्हणालात म्हणून आईच्या नात्याने लिहिते. ट्रिगर लॉक म्हणजे कुलूप नव्हे, पेटी पाहिजे, भिंतीला किंवा कपाटाला बोल्ट केलेली, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. चावी किचनच्या हुकवर नाही. आमच्याकडे मुलीला आम्ही रिव्हॉल्वर लपवून नाही ठेवलं, दाखवलं, रिकामं करून सिलिंडर फिरवून दाखवलं आणि कुठे दिसलं तर हात न लावता मोठ्या माणसाला सांगायचं हे पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. आणि ती ज्यांच्या घरी खेळायला जाते त्यांना मी विचारते, तुमच्या घरात बंदूक आहे का, कुलपात असते का. पहिल्यांदा फार अवघड वाटतं विचारायला. आता मी वाढदिवसाच्या पार्टीला ॲलर्जी विचारतात तसं विचारते आणि अजून एकाही आईला राग आलेला नाही.

फ्रिमाँटचा_दादा

सईताईंना अनुमोदन. कॅलिफोर्नियात मूल घरात असताना निष्काळजीपणे ठेवणं आधीपासून गुन्हा आहेच, पण २०२६ पासून मूल असो नसो, बंदूक अंगावर किंवा हाताशी नसेल तेव्हा स्टेटने मान्य केलेल्या साधनाने बंदिस्त ठेवावीच लागते. पेटी घेताना स्टेटच्या मान्यताप्राप्त यादीत तिचं नाव आहे का बघ, तशी नसेल तर डीलर रिव्हॉल्वर द्यायच्या वेळी वेगळं लॉक घ्यायला लावेल.

मिरजकर_सॅनहोजे

सगळ्यांचे मनापासून आभार. फिनिक्सच्या दुकानाला मी स्वतः फोन केला. ब्लॅकहॉक बदललेलं नाहीये, मूळचंच आहे, आणि ते कॅलिफोर्नियाला पाठवायला तयार आहेत, इथल्या डीलरचं नाव पाहिजे म्हणाले. बायकोशी बोललो, तिचं मत पडलं की ट्रान्सफर बारवालंच घे, आणि मला पण ते पटलं, त्यामुळे त्यांना नको म्हणून कळवलं. इथल्या डीलरकडे व्हाकेरो .३५७ साडेपाच इंची मागवलं तर येईल म्हणतात. सेफ्टी सर्टिफिकेटची पुस्तिका वाचायला घेतली. एकच राहिलं, मॅचला दोन रिव्हॉल्वरं लागतात तर दोन एकदम घेता येतील का? मित्र म्हणतो ३० दिवसांत एकच.

फ्रिमाँटचा_दादा

महिन्याला एक हा इथला नियम नाइन्थ सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने जून २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवला. पण स्टेट गप्प बसणारं नाही, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी डीलरच्या कॉम्प्युटरवर सिस्टिम काय घेते तेच खरं धर. न्यू जर्सीत तो नियम वेगळा आहे, तिकडचं सईताईंना विचार. माझं मत विचारशील तर आत्ता एकच घे. वर्षभर मित्राचं दुसरं वापर, तुला साडेपाच इंची हातात बसतं का ते कळेल, आणि न्यू जर्सीला जायचं झालं तर नोंदणी एकाचीच करावी लागेल. आणि दुकानात जायच्या आधी लायसन्सवरचा पत्ता बघ, घर बदलल्यावर डीएमव्हीत (लायसन्स देणाऱ्या खात्यात) ऑनलाइन पत्ता बदलला तरी हातातल्या कार्डावर जुनाच राहतो, तेवढ्यासाठी त्या दिवशी परत पाठवतील. सध्याचा पत्ता असलेलं गाडीचं रजिस्ट्रेशन बरोबर ठेव.

मिरजकर_सॅनहोजे

जुनाच आहे दादा, आत्ता काढून बघितलं. रजिस्ट्रेशनवर नवीन आहे. शनिवारी दोन्ही घेऊन जातो.